नाव झाकून वाचा: थोर लेखकावरच्या छोट्या कवितेला अभिप्राय कसा द्यावा

ऑगस्ट लागला की माझ्या घरी कागद यायला सुरुवात होते. १३ ऑगस्टला बालकवींची जयंती, २४ ऑगस्टला बहिणाबाईंची. आमच्या जळगाव जिल्ह्यात या दोन तारखांच्या आगेमागे शाळांत, वाचनालयांत, महिला मंडळांत कार्यक्रम असतात आणि प्रत्येक कार्यक्रमासाठी कोणी ना कोणी नवी कविता लिहितं. एका सार्वजनिक वाचनालयात मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी "ताई, जरा नजर टाकता का" म्हणत लोक दारात उभे राहतात. कागदावर दहा-बारा ओळी असतात. त्यात एका माणसाचं अख्खं आयुष्य, जन्मगावापासून अखेरच्या श्वासापर्यंत. खाली कवीचं नाव आणि मोबाइल नंबर.

अशा कवितेवर मत देणं इतर कवितांपेक्षा अवघड आहे, असं माझं पक्कं मत झालंय. कोणी स्वतःच्या पावसावर, स्वतःच्या आईवर लिहिलं तर त्यातलं खरंखोटं त्याचं त्याला माहीत. इथे मात्र कवी आणि वाचक यांच्यामध्ये तिसरा माणूस बसलेला असतो, आणि तो काही बोलू शकत नाही. "मी असा नव्हतो रे" असं त्याला सांगता येत नाही. म्हणून अभिप्राय देणाऱ्याने कवीसाठी वाचायचं तसं त्या गेलेल्या लेखकाच्या वतीनेही वाचायचं.

हे मला एका चुकीने शिकवलं. बरीच वर्षं झाली. काउंटरवर गर्दी होती, आणि ओळखीच्या एका शिक्षिकेने बहिणाबाईंवरची कविता पुढे केली. मी उभ्या उभ्या वाचली, "छान आहे, द्या छापायला" म्हटलं. महिन्याभराने ती एका स्मरणिकेत छापून आली आणि घरी शांतपणे वाचताना चौथ्या ओळीपाशी माझा हात थांबला. "हाती घेऊन लेखणी, माय लिहिते गाणी" अशी ओळ होती. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात, जात्यावर कामाच्या ओघात त्यांना गाणी सुचत, त्या म्हणत, आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि आणखी एक नातलग ती उतरवून घेत. त्या बाईच्या हातात लेखणी दिली की तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट पुसली जाते. ती ओळ माझ्या डोळ्यांखालून गेली होती, आणि मी "छान" म्हटलं होतं.

तेव्हापासून मी कविता कशी वाचते ते सांगते.

आधी पेन्सिल लांब ठेवा

पहिल्या वाचनात हातात काही नको. कवी समोर बसला असेल तर त्याला चहा द्या, आणि कागद घेऊन आतल्या खोलीत जा. तो तुमच्या चेहऱ्याकडे बघत असताना कविता वाचता येत नाही, तुम्ही त्याच्यासाठी चेहरा करायला लागता. दुसऱ्यांदा मोठ्याने वाचा. यमकासाठी ओढून आणलेला शब्द डोळ्यांना दिसत नाही, पण जिभेला लगेच खडा लागतो.

तिसऱ्या वाचनाला मी एक गोष्ट करते, ती तुम्हीही करून पाहा. कवितेत लेखकाचं नाव आणि गाव जिथे जिथे आलंय तिथे बोट ठेवायचं, म्हणजे ते झाकायचं. मग मनातल्या मनात तिथे दुसरं नाव घालायचं. बालकवींच्या जागी बहिणाबाई, धरणगावच्या जागी असोदे. कविता तशीच उभी राहिली, काहीच बिघडलं नाही, तर ती कविता कोणाचीच नाही. "मातीतून उगवलेला तारा", "शब्दांचा जादूगार", "सरस्वतीचा वरदहस्त" हे कोणालाही चिकटतं. साने गुरुजींवरच्या एका कवितेत मी असं नाव बदलून पाहिलं, तर बाराच्या बारा ओळी अण्णा भाऊ साठ्यांना चालून गेल्या! एक अंमळनेरच्या शाळेतले मास्तर, मुलांच्या वसतिगृहात स्वतःच्या हाताने रोजचं 'छात्रालय दैनिक' लिहून काढणारे. दुसरे वाटेगावातून मुंबईला आलेले, गिरण्या आणि झोपडपट्ट्या पाहिलेले, शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेले. ही दोन आयुष्यं एकाच अंगरख्यात मावत असतील तर अंगरखा कोणाच्याच मापाचा नाही.

हे कवीला सांगताना "तुमची कविता सामान्य आहे" असं म्हणू नका. त्याच्यासमोर नाव बदलून दोन ओळी वाचून दाखवा. त्याला स्वतःलाच ऐकू येतं. शिवाय लगेच पुढचा प्रश्न विचारा: "गुरुजींचं असं काय आहे, जे दुसऱ्या कोणाचंच नाही?" त्या हस्तलिखित दैनिकाची गोष्ट मी सांगितल्यावर तो कवी म्हणाला, "ताई, रोज? रोज लिहायचे?" त्या 'रोज'मध्ये कविता होती.

खरंखोटं पाहताना

तारखा तपासणं हे पहिलं काम, आणि ते सोपं आहे. मराठी विश्वकोश आता मोबाइलवर वाचता येतो. गावच्या वाचनालयात चरित्रकोश असतो. समग्र कवितांच्या आवृत्तीला प्रस्तावना असते आणि तिच्यात आयुष्याचा तपशील असतो. पंधरा मिनिटांचं काम आहे, ते न करता अभिप्राय देऊ नये.

पण तारखेपेक्षा मोठ्या चुका तपशिलात लपलेल्या असतात. हातात काय आहे, अंगावर काय आहे, ऋतू कोणता, कोण कोणाला काय म्हणायचं. लेखणीचं उदाहरण सांगितलंच. 'श्यामची आई' गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. पण कवितांमध्ये ती कोकणातल्या समुद्राच्या गाजेत, माडांच्या सावलीत लिहिलेली असते. गोष्टी कोकणातल्या आहेत, लिहिणारा माणूस तुरुंगात होता. कवीने श्याम आणि गुरुजी एकमेकांत मिसळून टाकले. एवढं दाखवलं की कवितेला तुरुंगाची भिंत मिळते, आणि भिंतीपलीकडचं कोकण जास्त दूर, जास्त गोड वाटायला लागतं. बरोबर तपशील बहुतेक वेळा कवितेला उपकारकच ठरतो. अभिप्राय देताना याची खात्री बाळगा, म्हणजे चूक सांगायला अवघडल्यासारखं होणार नाही.

ऐकीव गोष्टींचं काय करायचं, हा प्रश्न नेहमी येतो. थोर माणसांच्या भोवती आख्यायिका असतातच. त्या कवितेत येऊ नयेत असं मी म्हणणार नाही. "म्हणतात" हा एक शब्द सोबत असावा, एवढंच. मराठी कवितेला हा शब्द जड होत नाही, आपल्या लोककथा याच शब्दावर चालतात.

एक कविता जवळून

गेल्या वर्षी जुलैच्या शेवटी एक तरुण आला. रेल्वेत ट्रॅकमन, जळगाव-भुसावळ पट्ट्यात कामाला. बालकवींवर लिहिलं होतं. त्याच्या परवानगीने ती कविता इथे देते, कारण असं समोर ठेवल्याशिवाय सांगता येणार नाही.

धरणगावच्या मातीमधला तेजस्वी तू तारा
शब्दांमधुनी वाहत होता निसर्गाचा वारा
निसर्गवेडा, फुलांत रमला, पक्ष्यांसंगे गायला
जळगावच्या संमेलनात 'बालकवी' तू जाहला
टिळकांच्या घरी नगरला तू लेकरू होऊन राहिला
श्रावणात भिजल्या रुळांवरी मृत्यू तू पाहिला
चप्पल अडकली, गाडी आली, काळ निर्दयी ठरला
अठ्ठावीस वर्षांचा तारा अवकाळी हा विझला
हे निसर्गकवी, तुझ्या चरणी माझे शतशः वंदन
तुझ्या स्मृतीला खानदेशच्या मातीचे हे चंदन

वाचून तुमच्या मनात जे आलं असेल ते लगेच बोलू नका. आधी जिवंत ओळ शोधा. अगदी कच्च्या कवितेतही एखादी ओळ अशी असते की ती त्याच माणसाने लिहिली आहे, ती उसनी नाही. इथे ती पाचवी आहे. "लेकरू होऊन राहिला". रेव्हरंड टिळकांच्या घरी बालकवी राहिले, टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त हा ठोंबरे, म्हणजे बालकवी, घरातल्या मुलासारखा वावरताना दिसतो. टिळक कुटुंब ख्रिस्ती झालेलं, तो काळ सोवळ्याओवळ्याचा, आणि त्या घरात परक्याचं पोर आपलं होऊन राहतं. कवीने 'आश्रय मिळाला' असं लिहिलं नाही, 'शिष्य' असंही लिहिलं नाही. 'लेकरू' लिहिलं. अभिप्रायाची सुरुवात या ओळीपासून करायची. तोंडदेखलं कौतुक म्हणून हे करायचं नाही. बाकीची कविता कुठल्या उंचीला जायला हवी, ते माप ही ओळ देते.

मग यमकांकडे पाहा. शेवटी 'वंदन' आल्यावर 'चंदन' येणारच होतं. पण मातीचं चंदन म्हणजे काय? चंदन उगाळतात, माती मळतात. 'राहिला' आल्यामुळे 'मृत्यू पाहिला' आलं. मी कवीला असं विचारते: "हा शब्द तुम्ही आणलात, की आधीच्या शब्दाने आणला?" कवी लगेच सांगतात. त्यांना ठाऊक असतं.

'तू राहिला', 'तू पाहिला' याबद्दलही बोलावं लागलं. प्रमाण मराठीत 'तू राहिलास'. आपल्याकडे बोलताना तो शेवटचा 'स' पुष्कळदा गळतो आणि मला ते कानाला गोड लागतं, माझी आई असंच बोलायची. पण मग त्याच कवितेत 'जाहला', 'रुळांवरी' ही जुनी पोथीतली रूपं कशाला? एक तर घरच्या बोलीत पूर्ण लिहावं, नाही तर पुस्तकी भाषेत. ही गोष्ट व्याकरणाची चूक म्हणून सांगू नका. आवाज दोन झालेत, असं सांगा.

आता श्रावण. बालकवी म्हटलं की मराठी माणसाच्या मनात श्रावण येतो, शाळेतच तो मनात रुजलेला असतो. त्यामुळे त्याने रूळ श्रावणात भिजवले. पण बालकवी गेले ५ मे १९१८ रोजी, भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली. खानदेशातला मे महिना! ज्याने तो काढलाय त्याला सांगायला नको. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, केळीची पानं कडेने करपतात, माठातलं पाणी कोमट होतं.

आणि 'अठ्ठावीस वर्षांचा'. जन्म १३ ऑगस्ट १८९०. सत्तावीस पूर्ण झाली होती, अठ्ठाविसावं चालू होतं. 'अठ्ठाविसाव्या वर्षी' म्हटलं तर बरोबर, 'अठ्ठावीस वर्षांचा' म्हटलं तर चूक. इतक्या कमी आयुष्याच्या माणसाला तीन महिनेही उगाच जास्तीचे देऊ नयेत.

चपलेची गोष्ट आमच्याकडे सगळे सांगतात. रुळांच्या सांध्यात चप्पल अडकली, ती सोडवायला ते वाकले, तेवढ्यात गाडी आली. ही 'म्हणतात'वाली गोष्ट. कवितेत ती इतक्या ठामपणे आली की बातमीसारखी वाटते.

हे सगळं मी त्याला एकदम सांगितलं नाही. एका चिठ्ठीवर एवढंच लिहून दिलं:

"भाऊ, कविता तीनदा वाचली. पाचवी ओळ मनात राहिली. 'लेकरू' हा शब्द तुमचा आहे, तो कुठल्या भाषणातून आलेला नाही. सहाव्या ओळीत श्रावण आहे. बालकवी ५ मे ला गेले. आपल्याकडचा मे तुम्हाला मी काय सांगणार. आठव्या ओळीत वय पाहा, सत्तावीस पुरी होती. एक विचारते. तुम्ही रोज त्याच रुळांवरून चालता. ते या कवितेत का नाही? तुमच्या सवडीने या."

माझ्या अनुभवात ही चिठ्ठी योग्य लांबीची आहे. एक आवडलेली ओळ, कारणासकट. दोन तपशिलाच्या चुका, ओळीचा क्रमांक देऊन. आणि एक खरा प्रश्न, ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत नाही. यमकांचं, 'तू राहिला'चं बोलणं समोरासमोर करायचं होतं, म्हणून ते चिठ्ठीत घातलं नाही. लिहिलेला शब्द माणूस दहा वेळा वाचतो आणि दर वेळी तो थोडा कठोर होत जातो.

तो चार दिवसांनी आला. खुर्चीवर बसला आणि कवितेबद्दल न बोलता कामाबद्दल बोलायला लागला. उन्हाळ्यात रूळ तापून प्रसरण पावतात, कुठे वाकलेत का ते पाहायला भर दुपारी गस्त घालावी लागते. रूळ हाताला सहन होत नाही. खडीतून वाफा येतात. बाटलीतलं पाणी तासाभरात अंघोळीच्या पाण्यासारखं होतं. मी मध्ये एकही शब्द बोलले नाही. तो थांबला तेव्हा म्हटलं, "हे लिहा." तो म्हणाला, "पण ताई, हे तर माझं झालं. बालकवी कुठे आले यात?" मी म्हटलं, "तुम्ही त्याच जागेवर उभे आहात. ते येतील."

जन्म ते मृत्यू एवढं मावत नाही

छोट्या कवितेवर अभिप्राय देताना हे एक लक्षात असू द्या. दहा ओळींत चरित्र मावत नाही, एखादा क्षण मावतो. बालकवींची 'औदुंबर' आठ ओळींची आहे. त्यात एक झरा, चार घरांचं गाव, पायवाट, डोह, आणि पाण्यात पाय सोडून बसलेलं झाड. दुःख, एकटेपणा, मृत्यू यांपैकी एकही शब्द तिच्यात नाही, आणि तरी शंभर वर्षं लोक त्या झाडाकडे बघत बसलेत. ज्या कवीवर लिहायचं त्यानेच दाखवून ठेवलंय की आठ ओळी किती पुरतात.

म्हणून मी कवीला कागदावर रेघ मारायला लावते. जन्म, शाळा, लग्न, पुस्तक, सन्मान, मृत्यू, कवितेत जे जे आलं असेल ते एकाखाली एक. मग विचारते, यातल्या कुठल्या जागी तुम्ही स्वतः उभे राहून आलात, निदान मनाने? एक शाळकरी मुलगी म्हणाली, १९०७. जळगावच्या कविसंमेलनात सोळा-सतरा वर्षांचा ठोंबरे कविता म्हणतो आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकर त्याला 'बालकवी' म्हणतात, ती जागा. का म्हणून विचारलं, तर म्हणाली, मला पण स्टेजवर बोलताना पाय कापतात. तिने पायांवरून कविता लिहिली. सुरेख झाली होती.

उसनं सोनं

बहिणाबाईंवरच्या कवितांत हे फार होतं. 'अरे संसार संसार', 'मन वढाय', चुल्हा, तवा, चटके, सुगरणीचा खोपा. अर्धी कविता त्यांच्याच शब्दांनी भरते. ऐकताना सभागृह माना डोलावतं, पण त्या माना बहिणाबाईंसाठी डोलतात. अशा कवितेत मी त्यांचे शब्द पेन्सिलीने गोल करते आणि उरलेलं कवीला वाचायला सांगते. कधी कधी 'आणि', 'तुझ्या', 'माय' एवढंच उरतं. त्या क्षणी कवीचा चेहरा उतरतो, म्हणून हे चारचौघांत करू नका. एकट्याला दाखवा आणि लगेच सांगा की एखादा शब्द उसना घ्यायला काही हरकत नाही, तो आपल्या ओळीत नांदला पाहिजे.

संबोधनाबद्दलही इथेच सांगते. आपण विठोबाला 'तू' म्हणतो, आईला 'तू' म्हणतो, म्हणून बहिणाबाईंना 'तू' म्हटलेलं कानाला खुपत नाही. बालकवींनाही चालतं, ते कायम तरुण राहिले. साने गुरुजींना 'तू' म्हटलं की मात्र मला ठेच लागते. 'गुरुजी' या शब्दातच 'तुम्ही' आहे. कवितेत काहीही चालतं म्हणणारे असतील, पण ज्याला हाक मारायची त्याच्याशी आपलं नातं काय, हे कवीने ठरवलेलं असावं. ते ठरवलंय का, एवढं विचारा. उत्तर तुमच्या मनासारखं नसलं तरी चालेल.

कौतुक करताना

चुका कशा सांगाव्यात यावर सगळे बोलतात. कौतुक कसं करावं हे कोणी शिकवत नाही. 'अप्रतिम', 'हृदयस्पर्शी', हात जोडलेली चित्रं यांनी कवीचं पोट भरत नाही, त्याला पुढच्या वेळी काय करायचं ते कळत नाही. कुठली ओळ, कुठला शब्द, आणि तो वाचून तुम्हाला काय झालं, एवढं सांगा. "मला माझ्या आजीचं जातं आठवलं" हा चांगला अभिप्राय आहे.

आणि कविता खरोखर चांगली असली तर म्हणून थांबू नका, काही करा. सोपानदेवांनी आईच्या गाण्यांची वही आचार्य अत्र्यांना दाखवली तेव्हा "हे तर बावनकशी सोनं" असे उद्गार त्यांनी काढले, हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्यांनी पुढे प्रस्तावना लिहिली, पुस्तक लोकांपुढे येईल असं पाहिलं. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या आणि १९५२ मध्ये गाणी छापून आली. आपण अत्रे नाही, पण कार्यक्रमाच्या आयोजकांना फोन करून "या मुलीला पाच मिनिटं द्या" एवढं म्हणू शकतो.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. कवीची ओळ स्वतः लिहून देऊ नका. एका कॉलेजच्या मुलीच्या कवितेत मी उत्साहाने सहा ओळी दुरुस्त केल्या होत्या, लाल पेनाने, शेजारी माझे शब्द लिहून. कविता सुधारली. तिने ती कार्यक्रमात म्हटली नाही. "ताई, ती आता माझी वाटत नाही" म्हणाली. त्यानंतर तिने माझ्याकडे कधी कविता आणली नाही. याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून मी पेन्सिलच वापरते, आणि समासात फक्त खुणा करते: जिवंत ओळीला उभी रेघ, शंकेला प्रश्नचिन्ह, ऐकीव गोष्टीला 'म्ह.'

शेवटच्या दोन ओळी वंदनाच्या असल्या तर त्यांवर तळहात ठेवून कविता वाचून दाखवा. बहुतेक वेळा ती आधीच संपलेली असते.

ट्रॅकमनची दुसरी कविता

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तो परत आला. घडी घातलेला कागद, मागच्या बाजूला ड्यूटीचं काहीतरी लिहिलेलं.

भादलीच्या अलीकडे
दुपारी दोनला रूळ हात लावू देत नाही.
खडी तापलेली, बाटलीतलं पाणी तापलेलं.
आठ ओळींत तू एवढं हिरवं ठेवून गेलास,
त्यातलं एक पान इथे नाही.
मी सैल क्लिप ठोकतो, पुढे सरकतो.
मे महिना. पाच तारीख.

मी आतल्या खोलीत जाऊन मोठ्याने वाचली. बाहेर आले तेव्हा लगेच बोलता येईना. चप्पल गेली होती, तारा गेला होता, चंदन गेलं होतं. श्रावण गेला आणि त्याच्या जागी करपलेला मे आला, आणि त्या मे महिन्यात बालकवींचं हिरवं जास्त हिरवं दिसत होतं. पहिल्या कवितेत 'निसर्ग' हा शब्द तीन ओळींत होता. इथे एकदाही नाही. 'लेकरू'ही गेलं होतं, त्याची मला हळहळ वाटली आणि ती मी बोलून दाखवली. तो म्हणाला, "ती वेगळी कविता आहे ताई, नगरची. ती पण लिहीन."

तरी दोन गोष्टी होत्या. पहिली, 'दुपारी दोनला'. वाचणाऱ्याला वाटेल अपघात दोन वाजता झाला. ही वेळ कोणाची, त्यांची की तुमची? तो विचार करत बसला आणि त्याने दुसरी ओळ बदलली: "माझ्या पाळीला, दुपारी दोनला, रूळ हात लावू देत नाही." ओळ लांबली, पण शंका मिटली, आणि 'माझ्या पाळीला' या शब्दांनी तो स्वतः कवितेत आला.

दुसरी गोष्ट, 'पाच तारीख'. मला वाटलं 'मे महिना' एवढ्यावर थांबावं. तारीख सांगितली की शेवट समजावून दिल्यासारखा होतो, असं मी म्हटलं. तो नाही म्हणाला. त्याचं म्हणणं, गस्तीच्या नोंदीत आम्ही रोज शेवटी तारीखच लिहितो. मी माझं मत पुन्हा एकदा सांगितलं, समासात प्रश्नचिन्ह केलं आणि कागद त्याच्या हातात दिला.

१३ तारखेला त्याने वाचनालयाच्या हॉलमध्ये ती वाचली. 'मे महिना' म्हणून तो थांबला, आणि मग तारीख म्हटली. त्याने ती ठेवली होती. मला अजूनही ती नको वाटते. पुढच्या रांगेत बसलेले एक वयस्क गृहस्थ, भादलीचेच, ती तारीख ऐकून उठून उभे राहिले.